टीव्हीवर काय चालणार नाही, तेही खोक्यावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आधीच पानपानभर येणाऱ्या टीव्हीच्या जाहिरातींना आणखी जोर चढला. या जाहिरातींत पडद्याचा आकार, फोर-के, आवाजाचे वॅट, बिनव्याजी हप्ता असे सगळे असते. आपल्या घरात आधीपासून असलेली नाटके, चित्रपट, लग्नकार्यांची चित्रणे या संचावर चालतील की नाही, एवढेच नसते. खोक्यावरही नसते. पैसे मोजून संच भिंतीवर लागल्यावरच ते कळते आणि तोवर दुकानदाराच्या लेखी व्यवहार संपलेला असतो.

आमच्या पिढीच्या अनेक मराठी घरांत व्हीसीडींनी, म्हणजे नाटक-चित्रपटांच्या तबकड्यांनी भरलेला एखादा खण असतोच. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्यावर तर त्या वाणसामानासोबत घरी येऊ लागल्या. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ मिनिटे मावत, त्यामुळे एक नाटक दोन-तीन तबकड्यांत विभागलेले असे. आता त्या चालवण्याचे यंत्र बंद पडले तर दुरुस्त करणारा मिळत नाही आणि यंत्र धड असले तरी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना खोचायला नव्या टीव्हीला जागा नसते. बऱ्याच संचांत त्याऐवजी एकच बारीक भोक असते आणि त्यात बसणारी जोडवायर वेगळी विकत घ्यावी लागते. म्हणून आम्ही तबकड्यांतील फाइली संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवल्या. व्हीसीडीतील चित्रण डॅट या प्रकारच्या फाइलीत असते. संगणकावर व्हीएलसी या चित्रणे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती विनातक्रार चालते, कारण आत १९९३ सालच्या मानकाप्रमाणे एमपीईजी-१ या जुन्या पद्धतीचे साधे चित्रणच असते. आमचा नवा टीव्ही मात्र फोल्डर रिकामे असल्याचे सांगतो. फाइलीच्या नावाअखेरचे डॅट बदलून एमपीजी केल्यावर त्याने ती उघडली खरी, पण ३५२ बाय २८८ बिंदूंचे ते चित्र रुंद पडद्यावर असे ताणले की शिडशिडीत नायकही पैलवान दिसू लागला. चित्राचा आकार बदलण्याचा पर्याय यादीत आहे, पण पेनड्राइव्ह लावला की तो करडा पडतो आणि निवडता येत नाही. जुने चित्रण फोर-के पडद्यावर पुसट दिसणार, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

दुसरा त्रास आवाजाचा. चित्र स्वच्छ दिसते, आवाज नाही आणि खाली ‘ऑडिओ फॉरमॅट सपोर्टेड नाही’ अशी पाटी. डीटीएस पद्धतीने ध्वनिमुद्रण असलेल्या फाइलींबाबत हे हमखास घडते. ही पद्धत वापरायची तर तिच्या हक्कदाराला परवानाशुल्क द्यावे लागते आणि काही मोठ्या उत्पादकांनी २०१८ नंतरच्या संचांतून ती काढून टाकली. हा खर्च वाचवण्याचा व्यवहार संगणकाच्या क्षेत्रातही झाला; २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय याच कारणाने गेली. खर्च कुठे वाचवायचा हे कंपनीने ठरवावे, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या खोक्यावर डॉल्बी या दुसऱ्या ध्वनिपद्धतीचे बोधचिन्ह ठळक छापायला जागा सापडते, त्यावर डीटीएस चालत नाही ही एक ओळ का मावू नये?

सर्वांत खटकते ती उपशीर्षकांची (सबटायटलची) तऱ्हा, कारण तिची झळ कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांना बसते. माझ्या वडिलांना संवाद नीट ऐकू येत नाहीत, म्हणून घरच्यांनी काही चित्रपटांची मराठी उपशीर्षके खपून टंकून दिली. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युनिकोड या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती अक्षराच्या अलीकडे आणून दाखवणे हे पडद्यावर अक्षरे मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम. आमच्या टीव्हीचे सॉफ्टवेअर ते करत नाही. वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते, जोडाक्षरांतील प्रत्येक अक्षराचा पाय मोडून ती वेगवेगळी उभी राहतात आणि रफार तर दिसतच नाही. गंमत म्हणजे याच टीव्हीच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडली की सगळा मजकूर शुद्ध देवनागरीत उमटतो. म्हणजे अक्षरे जुळवण्याची सोय संचात आहे, फक्त फाइली चालवणाऱ्या भागाला ती जोडलेली नाही. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने ‘फाइल कन्व्हर्ट करून घ्या’ एवढाच सल्ला दिला. सत्तरी-ऐंशीच्या माणसांनी तो कसा अमलात आणायचा, हे त्यालाही सांगता आले नाही.

टीव्हीच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचा पत्ता कायद्याने द्यावाच लागतो. विजेच्या वापराची तारांकित पट्टी असते. वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिला आहे. त्याच आधारे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने टीव्ही उत्पादकांना पेनड्राइव्हवरून कोणत्या फाइली व कोणत्या ध्वनिपद्धती चालतात, कोणत्या चालत नाहीत, जुनी उपकरणे कशी जोडता येतात आणि भारतीय भाषांतील उपशीर्षके नीट उमटतात का, हे खोक्यावर आणि जाहिरातीत छापायला लावावे. पुढे सॉफ्टवेअर अद्ययावत करताना यांतली एखादी सोय काढली, तर तेही ग्राहकाला आधी कळवावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हाती घ्यावा, अशी विनंती आहे. तोवर विक्रेत्यांनी निदान एक करावे: गिऱ्हाइकाने स्वतःचा पेनड्राइव्ह आणला, तर पैसे घेण्यापूर्वी तो दुकानातल्या संचाला लावून पाहू द्यावा. आमच्या गावातल्या दुकानात ‘डेमोच्या पीसला काही लावायचे नाही’ असे उत्तर मिळाले होते.

आपला,
एक वाचक, मिरज