दूध खाण्यावरच अडतं का?

संपादक महोदय,

बाळंतिणीला दूध कमी येतंय म्हटलं की खापर तिच्या खाण्यावर फुटतं. आपल्या आरोग्य पुरवणीतही बहुतेक वेळा आहाराचेच सल्ले असतात. कळांपासून पान्ह्यापर्यंतचा कारभार मेंदूतून चालतो, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं.

बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबलं गेलं की तो ताण मज्जातंतूंवाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतो. तिथे बनलेलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरतं, गर्भाशय आवळतं, डोकं आणखी खाली सरकतं, की पुन्हा ऑक्सिटोसिन. बाळ बाहेर येईपर्यंत हे वाढतच जातं. वार पडली की दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनचा रस्ता मोकळा होतो. म्हणूनच चिकानंतर भरपूर दूध यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात ‘हिला दूधच नाही’ म्हणून बाटली पुढे करायची घाई का?

प्रोलॅक्टिन दूध बनवतं, पण ते बाळाच्या तोंडापर्यंत पोचवतं ऑक्सिटोसिनच. बाळ ओढू लागलं की दूधग्रंथींभोवतीच्या बारीक पेशी आकसतात आणि पान्हा फुटतो. त्याच वेळी गर्भाशयही आवळतं, रक्तस्राव आटोक्यात राहतो. पाजताना ओटीपोटात उठणाऱ्या या कळेने पहिलटकरणी हमखास घाबरतात. मी परिचारिका असताना ते कायम पाहिलंय. पुढे सवय झाली की शेजारच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं तरी ब्लाउज भिजतो.

असा पान्हा अडवणंही तितकंच सोपं. १९४८ साली न्यूटन या संशोधक दाम्पत्याने एका आईला पाजताना मुद्दाम त्रास दिला: पाय बर्फाच्या पाण्यात, मध्येच गणितं. बाळाला दूध कमी मिळालं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिल्यावर त्याच त्रासातही ते जवळपास पूर्ववत झालं. म्हणजे दूध होतं, उतरत नव्हतं. (गणितं घालायची कल्पना कुणाची, देव जाणे!)

प्रत्येक तक्रार ताणामुळेच असते असं नाही. वारेचा तुकडा आत राहिला किंवा बाळंतपणात अतोनात रक्त जाऊन पिट्युटरीला इजा झाली, तरी दूध अडतं. तिथे डॉक्टरच हवेत. पण एरवी पाजण्याच्या वेळी भेटायला आलेल्यांना खोलीबाहेर थांबवणं, पडदा ओढणं, ‘येतंय का?’ असं दर पाच मिनिटांनी न विचारणं एवढं कुठल्याही प्रसूतिगृहाला जमण्यासारखं आहे. आपल्या पुरवणीने एकदा एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका