मालवणच्या समुद्रातली रेषा मच्छीमारांसोबत बसून आखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०३० सालापर्यंत जगातला ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचं उद्दिष्ट डिसेंबर २०२२मध्ये ठरलं, आणि भारतही त्यात सहभागी आहे. कोकणात नवी सागरी संरक्षित क्षेत्रं आखण्याआधी मालवणचा अनुभव नीट तपासायला हवा.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौ.किमी, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, ३.१८ चौ.किमी. तेव्हापासून आजतागायत किनाऱ्यावरचा विरोध मावळलेला नाही. याचं कारण आम्हाला साधं दिसतं. रेषा आधी आखली गेली, ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना नंतर विचारलं गेलं. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २६अ सांगतं की, सागरी हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना केलेली असली पाहिजे. पण ही तरतूद १९९१च्या दुरुस्तीची, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतरची. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ३३बमधल्या, अभयारण्यासाठीच्या सल्लागार समितीत लोकप्रतिनिधी, पंचायतींचे प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था, वन्यजीव क्षेत्रातली मंडळी या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. मच्छीमारांसाठी म्हणून एकही नाही.

कॅलिफोर्नियात हीच चूक झाली आणि ती सुधारलीही गेली. तिथे १९९९मध्ये सागरी संरक्षित क्षेत्रांसाठी कायदा झाला. शास्त्रज्ञांनी नकाशे तयार करून मच्छीमारांपुढे ठेवले तेव्हा एवढा गदारोळ उठला की ते मागे घ्यावे लागले. २००४पासून क्रम उलटा केला. शास्त्रज्ञांनी फक्त नियम दिले. प्रत्येक क्षेत्र किनाऱ्यालगत किमान ५ ते १० किमी लांब असावं, आणि दोन क्षेत्रांत ५० ते १०० किमीपेक्षा जास्त अंतर नसावं, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारी अंडी-पिल्लं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचतील. रेषा मात्र मच्छीमार, पाणबुडे, पर्यावरणवादी यांच्या गटांनी स्वतः आखल्या आणि शास्त्रज्ञांनी प्रत्येक पर्याय या नियमांवर तपासून परत दिला. २०१२पर्यंत तिथे १२४ संरक्षित क्षेत्रं उभी राहिली. सगळे खूश झाले असं नाही, पण प्रत्येक रेषा तिथेच का, याचं उत्तर देता येऊ लागलं.

त्यांची एक पद्धत मालवणात जशीच्या तशी वापरता येईल. प्रत्येक मच्छीमाराला एकट्याला भेटून, नकाशासमोर बसवून १०० गुण द्यायचे. आपल्या कमाईत ज्या जागेचा जितका वाटा, तितके गुण त्या जागेला त्याने वाटायचे. जाळ्याचा प्रकार आणि हंगाम यांप्रमाणे हे नकाशे वेगळे करायचे आणि जाहीर करायची ती फक्त बेरीज. आपली हक्काची जागा भर सभेत कुणी दाखवत नाही, म्हणून नुसत्या जाहीर सुनावणीतून ही माहिती कधीच निघणार नाही. नकाशाही अक्षांश-रेखांशांचा नको. वाव (खोलीचं माप), खडप (समुद्रातला खडक), किल्ल्याचा बुरूज, देवळाचा कळस या खुणा त्यावर हव्यात.

हे वेगळे नकाशे का हवेत, ते रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरून कळतं. रापणीला खडक नसलेला वाळूचा किनारा लागतो. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची असतात. ही जागा बंद झाली तर रापण दुसरीकडे नेता येत नाही. गिलनेटची (पाण्यात पडद्यासारखं सोडायच्या जाळ्याची) होडी थोडी पुढे जाऊ शकते, पण ती शेजारच्या गावाच्या पाण्यात शिरते आणि भांडण तिथे सुरू होतं. तेव्हा एखादी जागा बंद करताना तिथला माणूस कुठे जाणार, हे त्याच नकाशावर लिहिलेलं असलं पाहिजे. कालवं काढणाऱ्या बायकांची खडपं आणि पर्यटकांना प्रवाळ दाखवणाऱ्या होड्यांच्या नांगराच्या जागाही त्यात याव्यात. एरवी मच्छीमार संघाचा एकच पुढारी सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि नेमकी हीच माणसं सुटतात.

आश्वासनंही मोजून द्यावीत. ३.१८ चौ.किमी म्हणजे प्रत्येक बाजू जेमतेम १.८ किमी असलेला चौरस. एवढ्या जागेत प्रवाळ आणि खडकाला धरून राहणारे मासे वाचतील. मैलोन् मैल फिरणारा बांगडा किंवा सुरमई वाचणार नाही. गाभ्यामुळे बांगडा वाढेल असं सांगितलं आणि तो दिसला नाही, की पुढच्या बैठकीला कुणी येत नाही. बांगडा-तारलीच्या प्रश्नाचं उत्तर पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या बेकायदा मासेमारीवर कारवाई करण्यात आहे, आणि ती कारवाई गाभ्याच्या चर्चेबरोबरच व्हायला हवी. लहान होडीवाल्यालाच नियम लावायचे, ही त्याची तक्रार रास्त आहे.

बैठका जून-जुलैत, होड्या किनाऱ्यावर असताना घ्याव्यात. नारळी पौर्णिमेनंतर सभागृहात फक्त अधिकारी उरतात. रेषा ठरली की तिथे दिवसा-रात्री दिसतील असे बोये (तरंगत्या खुणा) टाकावेत. बंदी लागण्यापूर्वी निदान एका वर्षाची माशांची मोजणी हवी, गाभ्यात आणि बाहेर तसल्याच खडपावर, एकाच पद्धतीने. दर पाच वर्षांनी ते आकडे मराठीत गावात वाचून दाखवावेत आणि रेषा हलवायची की नाही, ते त्याच सभेत ठरावं.

आपले,
किनारी मासेमारीचे अभ्यासक, सिंधुदुर्ग