दीर्घ मुदतीचे अर्धेच गणित

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर ‘अमुक साली लाखभर रुपये लावले असते तर आज त्याचे इतके कोटी झाले असते’ अशा धर्तीचे लेख अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. शेअर बाजाराची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांचे, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. अशा वेळी तरुणांना रोजच्या सौद्यांतून बाहेर काढून वाढत्या कंपन्यांचे शेअर वर्षानुवर्षे सांभाळण्याकडे वळवणारे लेखन हवेच आहे. माझी तक्रार एवढीच, की या लेखांत कंपनीचा आजचा भाव ठळक अक्षरांत असतो. पण घेताना नफ्याच्या किती पट किंमत मोजली, मधल्या काळात तो शेअर किती कोसळला, आणि त्याच वर्षी त्याच उत्साहाने लोकांच्या गळ्यात मारलेल्या इतर कंपन्यांचे पुढे काय झाले, यातले काहीच नसते.

इन्फोसिसचे उदाहरण या लेखांत हटकून येते. १९९३ साली ९५ रुपयांना आलेल्या त्या शेअरला पुरेसे अर्जसुद्धा आले नव्हते आणि उरलेला मोठा हिस्सा मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने उचलला, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. म्हणजे ज्या कंपनीने पुढे डोळे दिपवले तिच्याकडे तेव्हा बाजाराने पाठ फिरवली होती, आणि ज्यांच्या अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या त्यांपैकी अनेक कंपन्या आज शोधूनही सापडत नाहीत. नव्वदच्या दशकात लोकांकडून पैसे गोळा करून पत्ताच न ठेवणाऱ्या ‘लुप्त’ कंपन्यांची यादी पुढे सरकारला आणि सेबीला करावी लागली. तिच्यात दोनशेहून अधिक नावे होती. आमच्या बडोद्याला त्या काळात स्वतःचा शेअर बाजार होता, आणि संध्याकाळी रावपुऱ्यात चहा पिताना नव्या इश्यूंखेरीज, म्हणजे बाजारात नव्याने येणाऱ्या शेअरखेरीज, दुसरा विषय नसे. सेबीच्या २०१२ च्या धोरणानंतर देशातले प्रादेशिक शेअर बाजार एकामागोमाग बंद झाले, त्यात आमचाही गेला. पण त्या काळातले कागद अजून घरोघरी आहेत.

दांडियाबाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंनी यजमानांच्या पश्चात अशीच एक फाईल मला पाहायला दिली. नक्षीदार काठाची शेअर सर्टिफिकेटे, टाचणीच्या गंजाचे डाग, मागच्या बाजूला हस्तांतराचे रकाने आणि त्यांत कंपनीचे शिक्के. बहुतेक कंपन्या बुडालेल्या, दोन-तीन नाव बदलून दुसऱ्या कंपनीत विलीन झालेल्या, आणि एक औषध कंपनी मात्र खरोखरच वाढलेली, मध्ये बोनस आणि शेअरची विभागणी झालेली. ‘घ्या आणि विसरून जा’ हा सल्ला काकांनी तंतोतंत पाळला होता. घर बदलल्यावर लाभांशाची वॉरंटे, म्हणजे धनादेशासारखे कागद, जुन्या पत्त्यावर जात राहिली, कोणी दाद घेतली नाही. सलग ७ वर्षे लाभांश उचलला नाही तर ते शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग होतात, आणि ते तसे झालेही. आता ते परत मिळवायचे तर वारस असल्याचा पुरावा, कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडून पडताळणी, शेअर संगणकीय नोंदीत ठेवण्याचे डीमॅट खाते, आयईपीएफ-५ हा अर्ज, असा सगळा प्रवास आहे. त्यातून सर्टिफिकेटावर आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात गुजराती पद्धतीने आडनाव आधी, त्यामुळे प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची विक्री थेट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, हेही अनेकांना अजून ठाऊक नाही. आपल्या पानावरच्या कोटींच्या हिशेबात हा शेअरधारक ‘लखपतीचा करोडपती’ झालेला असतो, प्रत्यक्षात त्याच्या पत्नीच्या हाती अजून एक पैसा आलेला नाही.

आता किमतीविषयी. वाढीच्या कंपनीचा शेअर कितीही महाग घेतला तरी काळ तो महागपणा पचवून टाकतो, असे या लेखांत गृहीत धरलेले दिसते. साधे गणित करून पाहावे. एका कंपनीचा प्रतिशेअर नफा १० रुपये आहे आणि बाजारात तिचा भाव ८०० रुपये, म्हणजे नफ्याच्या ८० पट आहे. समजा तिचा नफा सलग १० वर्षे दरसाल २० टक्क्यांनी वाढला. अशी कामगिरी फार थोड्या कंपन्यांना जमते. दहाव्या वर्षी नफा जवळपास ६२ रुपये होईल. पण तोवर कंपनी मोठी, संथ आणि सर्वांच्या परिचयाची झालेली असल्यामुळे बाजार तिला ८० ऐवजी २५ पट देऊ लागला, तर भाव साधारण १,५५० रुपये होईल. म्हणजे १० वर्षांत पैसे दुप्पटही नाहीत, वार्षिक परतावा ७ टक्क्यांच्या आतबाहेर, मुदत ठेवीइतका. आणि नफा २० ऐवजी १२ टक्क्यांनीच वाढला, जी काही वाईट वाढ नव्हे, तर १० वर्षांनी भाव ७७५ च्या आसपास, म्हणजे मुद्दलातच थोडी तूट. उलट तीच कंपनी २० पटीला, म्हणजे २०० रुपयांना मिळाली असती आणि नफा २० टक्क्यांनी वाढून बाजाराने अखेरीस २० पटच दिली असती, तर पैसे सहापट झाले असते. कंपनी तीच, मुदतही तीच.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. मायक्रोसॉफ्टचा डिसेंबर १९९९ मधला उच्चांकी भाव पुन्हा दिसायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि या काळात ती कंपनी काही झोपलेली नव्हती, तिचा नफा वाढला होता. इन्फोसिसचा नफा २००० नंतर कैक पटींनी वाढत गेला, तरी त्या वर्षीच्या मार्चमध्ये तेजीच्या टोकाला शेअर घेणाऱ्याला आपले मुद्दल परत दिसायला काही वर्षे थांबावे लागले. आपल्याकडचे ताजे उदाहरण एशियन पेंट्सचे. उत्तम कंपनी, दीर्घ मुदतीच्या प्रत्येक यादीत तिचे नाव. पण जानेवारी २०२२ मध्ये साडेतीन हजारांच्या वरच्या भावाला ज्यांनी ती घेतली, त्यांना तीन वर्षांनंतर भाव बराच खाली आलेला दिसला. कंपनी वाईट झाली असे नव्हे, स्पर्धा वाढली, मागणी मंदावली आणि आधी मोजलेली किंमत जड झाली.

दुसऱ्या बाजूचे सत्यही आहे आणि तेही नीट सांगितले जात नाही. जी कंपनी खरोखर वाढते तिचा शेअरसुद्धा वाटेत असा कोसळतो, की तो धरून ठेवायला शहाणपणाइतकीच निबर कातडी लागते. ॲमेझॉनचा शेअर १९९९ च्या उच्चांकापासून २००१ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक खाली आला होता. २००८ मध्ये आपला निफ्टी जानेवारी ते ऑक्टोबर या काळात जवळपास ६० टक्के घसरला आणि त्यात भल्याभल्या कंपन्या वाहून गेल्या. पण येस बँकही अशीच झपाट्याने वाढणारी कंपनी म्हणून मिरवली जात होती; ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास असलेला तिचा शेअर मार्च २०२० मध्ये काही काळ एक आकडी झाला, आणि घसरणीत ‘ॲव्हरेज’ करत, म्हणजे पडत्या भावाला आणखी शेअर घेऊन सरासरी किंमत खाली आणत, राहिलेल्या लोकांनी धीरच धरला होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही धीर सारखेच दिसतात. फरक दिसतो तो ताळेबंदात, म्हणून केवळ ‘धीर धरा’ एवढे सांगून लेखकाला मोकळे होता येणार नाही.

एक मुद्दा खास आमच्या गावचा आहे. बडोद्यातली बरीच मराठी घरे रसायने, खते, औषधे किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्या कारखान्यांवर उभी राहिली. १९०७ साली इथली अलेंबिक ही औषध कंपनी उभी करणाऱ्यांत एक कोटीभास्कर होते, हे इथले जुने लोक आवर्जून सांगतात. त्यामुळे आम्हांला रसायनांच्या कंपन्या आपल्या वाटतात, आणि २०२०-२१ च्या तेजीत अनेकांनी त्यांचे शेअर ‘ग्रोथ’ म्हणून भरभरून घेतले. वास्तविक नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत ज्याने एक पाळी काढली आहे त्याला ठाऊक असते, की कच्चा माल आणि पक्का माल यांच्या भावातले अंतर रुंदावले की कोणताही कारखाना सोने पिकवतो आणि ते आटले की तोच कारखाना वीजबिलाची चिंता करतो. चीनचा पुरवठा विस्कळीत होता तोवर नफा फुगला, तो पूर्ववत झाल्यावर ओसरला. चक्रात फिरणारी कंपनी चक्राच्या माथ्यावर असताना नेहमीच वाढीची कंपनी दिसते, आणि नेमकी तेव्हाच तिची पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे ते प्रमाण) कमी दिसत असल्यामुळे ती स्वस्तही वाटते. हे आयुष्यभर जवळून पाहिलेली माणसेसुद्धा शेअर घेताना विसरतात, याचे मला नवल वाटते.

मग पाहायचे काय? मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले, त्यामुळे माझा कल कदाचित एकांगी असेल; पण मी आधी नफ्याकडे न पाहता रोख प्रवाह पत्रक उघडतो. नफा वर्षागणिक वाढतो आहे आणि प्रत्यक्ष धंद्यातून येणारी रोकड मात्र जिथल्या तिथे आहे, असे सलग दोन-तीन वर्षे दिसले तर माल उधारीवर ढकलला जात आहे की काय, हे तपासावे लागते. २०२१-२२ पासून कंपन्यांना येणे रकमांचे वयोमान देणे बंधनकारक झाले आहे; सहा महिन्यांच्या आतले, वर्षाच्या आतले, दोन वर्षांचे, तीन वर्षांवरचे असे रकाने टिपांमध्ये असतात. हा एक तक्ता वाचायला दहा मिनिटे लागतात आणि अध्यक्षांच्या गुळगुळीत भाषणापेक्षा तो जास्त बोलतो. प्रवर्तकांनी आपले शेअर तारण ठेवले आहेत काय, हे दर तिमाहीच्या भागधारणेच्या विवरणात मिळते. लेखापरीक्षक मुदतीआधी राजीनामा देऊन गेले असतील तर ती बातमी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असते. यातले काहीही गुप्त नाही, पैसेही पडत नाहीत. आयकराचा कायदा १२ महिन्यांपुढे ठेवलेल्या शेअरला दीर्घ मुदतीचा म्हणतो आणि जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर घेतो. वाढीच्या कंपनीच्या दृष्टीने १२ महिने म्हणजे काहीच नव्हे, पण निदान दर १२ महिन्यांनी हा अहवाल उघडायला काय हरकत आहे?

ज्यांना हे करायचे नाही, आणि न करण्यात कमीपणा काहीच नाही, त्यांनी निर्देशांकाचा फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, घ्यावा. १ जानेवारी १९८६ रोजी सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या ३० कंपन्यांत आमच्या बडोद्याची जीएसएफसी ही खत कंपनी होती, हिंदुस्थान मोटर्स होती, प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. आज त्या यादीत यांपैकी कोणीही नाही. निर्देशांक मागे पडलेल्यांना काढून वाढणाऱ्यांना आत घेत राहिला, आणि ज्याला लोक ‘सेन्सेक्सची दीर्घ मुदतीची वाढ’ म्हणतात तिच्यात ही सततची काढघाल धरलेली आहे. तीसच्या तीस शेअर तेव्हा घेऊन कुलूपबंद ठेवणाऱ्याला तोच परतावा मिळाला असता, असे समजणे चूक आहे.

तेव्हा विनंती अशी, की एखाद्या शेअरची यशोगाथा छापताना तिच्याखाली एक छोटी चौकट द्यावी: त्या वेळची पीई, वाटेतली सर्वांत मोठी घसरण, जुना भाव परत यायला लागलेला काळ, आणि त्याच वर्षी बाजारात आलेल्या, त्याच उद्योगातल्या इतर दोन कंपन्यांची आजची स्थिती. लेखकाकडे तो शेअर स्वतःचा आहे की नाही, हेही तिथेच नोंदवावे. जुनी कागदी सर्टिफिकेटे आणि वर्ग झालेले शेअर परत मिळवण्याची रीत यावर एक सविस्तर लेख आला तर महाराष्ट्राबाहेरच्या आम्हां वाचकांना त्याचा विशेष उपयोग होईल, कारण इथे ही माहिती मराठीतून सांगणारे फारसे कोणी नाही.

बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि त्याआधी काही आठवडे अहवाल हाती येतात. त्या हंगामात दर आठवड्याला एक अहवाल घेऊन तो कसा वाचावा हे दाखवणारे सदर आपण सुरू केले, तर येणे रकमा, रोख प्रवाह आणि तारण यांचे कच्चे टिपण काढून द्यायला इथली आम्ही काही निवृत्त मंडळी विनामोबदला तयार आहोत. कंपन्या कोणत्या घ्यायच्या ते आपण ठरवावे. फक्त त्यांत एखादी घसरलेली कंपनीही असावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल
दांडियाबाजार, वडोदरा