पाठीचं ऑपरेशन ठरलंय

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी गप्प बसून फोन ठेवला असता, म्हणून लिहितोय. पाठीचं ऑपरेशन करायचं ठरलंय. पुढच्या सोमवारी, मुंबईत. कागदांवर सही केली आहे.

‘मणक्याला हात लावू द्यायचा नाही’ हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. मामांचं काय झालं तेही विसरलो नाही. पण त्यांची गादी सरकली होती, माझं दुखणं वेगळं. बॉल टाकताना पुढचा पाय आदळतो तेव्हा वजनाच्या कितीतरी पट भार अंगावर येतो, आणि नेमकी तेव्हाच कंबर वाकून पिळलेली असते. उजव्या हाताच्या फास्ट बॉलरला मग बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कमरेच्या मणक्यात बारीक चीर पडते. आराम केला की माझी ती भरते, रनअप घेतला की पुन्हा उघडते. आता तिथं स्क्रू बसवणार. आई, घाबरू नको, बाहेरून काही दिसत नाही.

बुमराहच्या पाठीचं ऑपरेशन मार्च 2023 मध्ये झालं आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये कॅप्टन म्हणून बॉलिंग करत होता. 2024 चा वर्ल्ड कप बाबांनी पाहिलाच आहे. ‘पुढं सिडनीत पाठीनं त्याला बसवलंच की’ असं बाबा म्हणणार, तेही खरंच आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या फास्ट बॉलर कमिन्सचं बघा. 2011 मध्ये अठराव्या वर्षी पहिली टेस्ट खेळला, दुखापतींपायी दुसरीला 2017 उजाडलं. त्याच्या हातात वय होतं. मला सत्तावीस संपलं. रणजीच्या बॉलरसाठी कोण एवढं थांबतंय? आपल्या औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी 2001 ला मोहालीत एकच टेस्ट खेळला, तरी बाबा अजून पाव्हण्यारावळ्यांना सांगतात. त्या एकीसाठीच माझा हा खटाटोप.

तुम्ही मात्र येऊ नका. राग मानू नका. लातूर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर अवघडून यायचं, वर बाबांचा गुडघा. ताई माझ्याजवळ राहणार आहे. खोलीत गरम पाणी आहे, डबा घरगुती आहे, भाकरीसुद्धा मिळते. तुझ्यासारखी नाही, पण खाण्यासारखी आहे.

बाबा रानातून आले की मी तुमची पाठ तुडवायचो, आठवतं? ‘अजून थोडं वर, टाचेनं दे’ म्हणायचात आणि तसेच झोपी जायचात. मग मी हळूच उतरायचो, आई हसायची. काही महिने मला वाकायचीसुद्धा बंदी राहील. दिवाळीला आलो तर पाया पडणं उभ्यानंच चालवून घ्या.

आता ऐका. आईनं योगेश्वरीला नवस बोलायचा तर खुशाल बोलावा, पण शुगर असताना उपवास अजिबात नाही. बाबांनी बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही, आणि टाकीवर चढायचं नाही, गड्याला सांगा. पैशासाठी सोयाबीन घाईनं आडतीवर घालू नका. रणजीत मला दिवसाला 40 हजार मिळत होते, ते जपून ठेवलेत. भाव चढेपर्यंत पोती घरातच राहू द्या.

ताईबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवा. लसूण जरा जास्त.

तुमचा,
बाळू