'लोंढे' हा शब्द जरा मोजून बघा

संपादकसाहेब, नमस्कार.

परवा तुमच्या अंकात हेडिंग होतं, 'शहरात बाहेरच्यांचे लोंढे'. बातमी काय, तर आपल्या इंदुरात भंवरकुआंला खोल्यांची भाडी वाढली. आता लोंढा असतो पुराचा, ही तर कोचिंगला आलेली पोरं, सकाळी आपल्याच शेजारी उभी राहून पोहे खातात, वरून भुरभुरायचा मसाला, जिरावण, जास्त मागतात एवढंच.

माझी भाची भाषा आणि कॉम्प्युटर असं काहीतरी शिकतेय, तिनं सांगितलं की अमेरिकेत १८८० पासूनची, तिकडच्या संसदेतली बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दलची दोनेक लाख भाषणं मशीनकडून तपासून घेतली, २०२२ मध्ये ते छापूनही आलं. चिन्यांना बंदी घालणारा कायदा १८८२ चा, त्या काळात सूर कडवटच, दुसऱ्या महायुद्धानंतर एकंदरीत निवळला, पण आता दोन पक्षांच्या सुरात जमीन-अस्मानाचा फरक. मला त्यातली वेगळीच गोष्ट पटली. शिवी काय, कोणीही मोजेल हो, पण माणसाची बघतो तशी शब्दाची संगत बघायची, म्हणजे माणसांबद्दल बोलताना आजूबाजूला पूर, रोगराई, जनावरं, माल असले शब्द येतात का. तुमचा लोंढा तिथे बरोब्बर बसतो.

आणि आपण मराठी माणसांनी तर हे बोलूच नये. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या आणि तिकडच्या अंगाईत अजून 'बर्गी' येतात, बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, मराठी घोडेस्वार! ते लुटायलाच गेले होते म्हणा, ती भीती खरी होती. पण इथे आमच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या तरी शेजारच्या काकूंना आम्ही दक्षिणी, आणि पुण्यात लग्नाला गेलो की एमपीवाले.

तर विनंती अशी की तुमच्या जुन्या फायली स्कॅन करू द्या, म्हणजे असले शब्द आपल्याकडेही मोजता येतील. गूगलची ती पुस्तकांतले शब्द वर्षवार मोजायची सोय आहे त्यात मराठी नाहीच, आणि जुना कागद हात लावला की तुकडे पडतात. भाची काम करायला तयार आहे, पानं उलटायला मी येईन. आधी मे २०२० चे अंक काढा, बायपासवरून मजूर पायी चालले होते, आपले लोक पाणी नि चपला घेऊन उभे होते, तेव्हा त्या मजुरांना तुम्ही काय म्हणत होता ते मला बघायचंय.

आपला एक जुना वाचक,
सुदामानगर, इंदूर