‘नुसता प्लॅन तर काढायचाय!’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला आर्किटेक्चरमधल्या करिअरवरचा लेख वाचला. नाटा ही प्रवेश परीक्षा, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सॉफ्टवेअर, वाढती स्पर्धा हे सगळं बरोबर आहे आणि बारावीच्या मुलांच्या पालकांना त्याचा उपयोगही होईल. पण ‘आव्हाने’ म्हणून जे मुद्दे दिलेत, त्यांत सांगलीत ऑफिस चालवणाऱ्याला रोज नडणारी गोष्ट कुठेच नाही. डोक्याने केलेल्या कामाचे पैसे द्यायचं इथे लोकांच्या जिवावर येतं. ‘नुसता प्लॅन तर काढायचाय, त्याचे एवढे?’ हे ऐकून घ्यावं लागलं नाही असा एकही आर्किटेक्ट मला अजून भेटलेला नाही.

2019 च्या महापुरानंतर गावभागातले एक काका घर पाडून नव्याने बांधायचं म्हणून माझ्याकडे आले. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. त्यांच्या भिंतीवरची चिखलाची रेघ मी टेप लावून मोजली, शेजारच्या घरांतलीही मोजली. काकू म्हणाल्या, पाणी आधी दारातून आलंच नाही, नहाणीच्या जाळीतून आणि कमोडमधून वर आलं. म्हणून ड्रेनेजला उलटं येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह दाखवला. मीटर आणि स्विचबोर्ड वर घेतले. जिना साडेतीन फुटी केला आणि वळणावर ऐसपैस लँडिंग ठेवलं, कारण पुराच्या रात्री फ्रिज, तिजोरी, आजींची खाट हे सगळं त्याच जिन्याने वर न्यायचं असतं.

‘घरात सगळ्यांना दाखवून येतो’ म्हणून काका ड्रॉइंगच्या झेरॉक्स घेऊन गेले. पुढे फोन उचलेनात. काही महिन्यांनी त्या गल्लीतून जाताना पाहिलं तर कॉलम उभे राहिले होते. कॉन्ट्रॅक्टरने ‘प्लॅन आमच्याकडून फुकट’ म्हणून काम घेतलं होतं आणि माझीच ड्रॉइंगं दुसऱ्याकडून गिरवून त्याच्या सही-शिक्क्याने पुढे नेली होती. हॉल मोठा दिसावा म्हणून जिना अडीच फुटांवर आणला. व्हॉल्व्ह गाळला, जमिनीखाली तो कुणाला दिसणार?

जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. ओसरल्यावर काकांचा फोन, ‘मॅडम, तुमच्या जिन्यात फ्रिज अडकला हो.’ वळणावर फ्रिज अडकला, पाणी चढत होतं, माणसं तो तसाच टाकून वर गेली. तो जिना माझा नव्हता हे काकांना पक्कं ठाऊक होतं, तरी गल्लीत सांगताना ‘मॅडमचंच डिझाइन’. फीचा एक रुपया हातात पडला नाही, ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण सांगली लहान आहे, इथे नाव गेलं की पुढची कामं जातात.

कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे, 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. पण तो ‘आर्किटेक्ट’ हे आमचं नाव राखतो, काम राखत नाही. नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही, एवढंच. तेच काम करायला त्याला बंदी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2020 मध्ये स्पष्ट केलं. ड्रॉइंगवर आमचा कॉपीराइट असतो, पण एका घराच्या फीसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? चांगले सिव्हिल इंजिनिअर आमच्या खांद्याला खांदा लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार फुकटच्या प्लॅनबद्दल आहे. तो फुकट नसतोच, त्याची किंमत सिमेंट-सळईच्या बिलात मुरवलेली असते.

पगार कमी का, हे तुमच्या लेखात आलेलं नाही. फी तुटपुंजी, तीही स्लॅब पडल्यावर, रंगकाम झाल्यावर, कधी वास्तुशांतीनंतर. मग माझ्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला मी काय देणार? सेंटरिंगचा मिस्त्री तिच्यापेक्षा जास्त कमावतो. तो घाम गाळतो, त्याला मिळायलाच हवेत. पण पाच वर्षं शिकलेली ती मुलगी वर्षभरात पुण्याला जाते आणि कृष्णेचं पाणी कुठून कुठे चढतं हे जाणणारं माणूस इथून कमी होतं.

जाता जाता आणखी एक. गेल्या आठवड्यात तुम्ही एका नव्या सभागृहाच्या उद्घाटनाचा फोटो छापलात. खाली पाहुण्यांची, विश्वस्तांची, ठेकेदाराची, मंडप आणि साउंडवाल्याचीही नावं होती. इमारतीचं भरभरून कौतुक होतं, पण ती कोणी डिझाइन केली याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ते काम माझं नाही, एका तरुण सहकाऱ्याचं आहे, आणि त्याच्या आईने तो अंक दोनदा उलटून पाहिला. यापुढे अशा फोटोखाली आर्किटेक्टचं नाव छापावं आणि त्या सभागृहाची दुरुस्ती येत्या अंकात द्यावी, ही विनंती.

कळावे,
एक महिला आर्किटेक्ट, विश्रामबाग, सांगली