वर्नसाइडच्या पायथ्याशी भेटलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही मूळच्या नाशिकच्या आणि रोज झोपायच्या आधी मोबाइलवर काहीतरी मराठी वाचता, एवढंच मला माहीत आहे. त्याच भरवशावर हे पत्र इथे लिहितेय.

जूनमधला तो शनिवार. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर थ्री पीक्सची मोठी फेरी. हॉर्टन गावातून निघायचं, पेन-ई-घेंट, वर्नसाइड आणि इंगलबरो हे तीन डोंगर करून परत हॉर्टनलाच पोचायचं. जवळजवळ 39 किलोमीटर, तेही 12 तासांच्या आत. इथला सगळ्यात उंच वर्नसाइड 736 मीटरचा. आपली कळसूबाई 1,646, तीही मी दोनदा चढलेली, म्हणून निर्धास्त होते. पण तिन्ही डोंगरांची मिळून चढाई दीड हजार मीटरच्या वर जाते, हे मी मनावरच घेतलं नव्हतं. रिबलहेडचा 24 कमानींचा रेल्वे पूल मागे पडला तोवर सगळं छान चाललं होतं. वर्नसाइडच्या उतारावर उजव्या गुडघ्याने दगा दिला. बरोबरचे पुढे गेले होते. फोनवर आईला "आता नाही गं जमत" म्हणत होते, तेवढ्यात कुंपणापाशी डबा खात बसलेल्या तुम्ही म्हणालात, "अगं, आधी बस बघू."

तुम्ही गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलंत. मग तुमच्या दोन काठ्यांमधली एक मला दिलीत. चढताना ती आखूड करायची, उतरताना लांब, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. इंगलबरोच्या त्या उभ्या दगडी पायऱ्यांवर तुम्ही माझ्या मागे राहिलात आणि मी थांबले की बोलायला लागायचात. 1887 साली गिगल्सविकच्या शाळेतल्या दोन मास्तरांनी हे तीन डोंगर एका दिवसात केले, त्यांना 10 तास लागले, हे तिथेच ऐकलं. मास्तर कसे चालले असतील याचा विचार करता करता माथा आला.

उतरताना तो पांढरा चुनखडक लागला. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माझ्या पायांना तो परकाच. पावसाच्या पाण्याने विरघळून त्याला खोल भेगा पडलेल्या, एकेका भेगेत पाऊल मावेल एवढ्या. तुम्ही एका भेगेपाशी वाकून आतलं हिरवंगार नेचं दाखवलंत. बाहेर मेंढ्या एक पान शिल्लक ठेवत नाहीत, आत मात्र ते सुखाने वाढतं. घाईत असलेलं माणूस असं थांबत नाही, म्हणून मला वाटलं, तुम्हाला वेळेची काही पडलेलीच नाही.

हॉर्टनला पोचल्यावर तुम्ही आधी माझं घड्याळ पाहिलंत. "11 तास 45 मिनिटं. झालं तुझं!" आणि पाठीवर थाप मारलीत. तुमचं विचारलं तर "साडेबारा" म्हणून विषय बदललात. मागच्या वर्षी तुमचे 12 तास फक्त 10 मिनिटांनी हुकले होते, हे तुम्ही चढावर बोलता बोलता सांगून गेला होतात. तुम्ही माझ्या पाऊण तास आधी निघाला होतात, हा हिशोब मला घरी परतताना गाडीत लागला, आणि डोळे भरून आले. अर्धा तास तर नुसता माझ्या बँडेजमध्ये गेला. एकट्या चालला असतात तर वेळेत पोचला असतात, याची मला खात्री आहे. तुम्हालाही तेव्हा ती होतीच. तरी एकदाही "चल, उशीर होतोय" म्हणाला नाहीत.

तिथे धड आभारही मानले नाहीत. आज मानते, ताई. मनापासून.

तुमची काठी माझ्याकडेच राहिली आहे. चिखल धुऊन, पुसून दाराशी ठेवली आहे. पुन्हा कधी जाणार ते नक्की कळवा. त्या दिवशी तुमचा डबा, पाणी आणि सॅक माझ्या पाठीवर.

तुमचीच,
साताऱ्याची, उजव्या गुडघ्याला बँडेज बांधलेली